उरलेल्या रिळांचा हिशेब

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय चित्रपटाचा जन्मदिवस म्हणून आपण ही तारीख मानतो. दादासाहेब फाळक्यांचा हा चित्रपट चार रिळांचा, ३,७०० फूट लांबीचा. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळं आहेत. मधल्या दोन रिळांत फाळक्यांनी काय दाखवलं होतं, हे आता हरिश्चंद्राची कथा आठवून ताडायचं.

त्यातही एक गुंता आहे. फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केली. हाती असलेली रिळं या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असं काही चित्रपट-इतिहासकारांचं मत आहे. म्हणजे ज्या चित्रपटामुळे आपण फाळक्यांना जनक म्हणतो, त्याची एक तरी चौकट आपण पाहिली आहे का, यावरच वाद होऊ शकतो.

मूकपटांच्या काळात, १९१३ ते १९३४ च्या सुमारास, भारतात तेराशेहून अधिक कथापट तयार झाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपात उरलेले मोजायला बसलं, तर आकडा तिसाच्या आसपास थांबतो. पूर्ण चित्रपट त्यांतही थोडे; बहुतेकांचं एखादं रीळ, एखादा प्रसंग, कुठे नुसत्या मजकुराच्या चार-दोन पाट्या. या लेखात मला त्या उरलेल्या भागाकडे नीट पाहायचं आहे. काय गेलं याची हळहळ आपण पुष्कळ केली. काय उरलं, ते कुणी राखलं आणि त्यातून काय वाचता येतं, याची चर्चा फार कमी झाली.

फूट आणि मिनिटं

जुन्या चित्रपटांची लांबी फुटांत नोंदवलेली सापडते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. मूकपट सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या वेगाने चालत, म्हणून ढोबळमानाने एक फूट म्हणजे एक सेकंद धरायला हरकत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ या हिशेबाने तासाभराचा होतो. तोच आजच्या चोवीस चौकटींच्या वेगाने चालवला तर चाळीस मिनिटांत संपतो आणि माणसं उगाच लगबगीने धावताना दिसतात. जुन्या चित्रपटांतल्या हालचाली हास्यास्पद होत्या हा समज बराचसा या चुकीच्या वेगातून आलेला आहे.

हे फुटांचे आकडे फार मोलाचे आहेत. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबईत सेन्सॉर मंडळ सुरू झालं आणि परवान्यासाठी येणाऱ्या चित्रपटांची नावं, लांबी आणि निर्माते यांच्या नोंदी होऊ लागल्या. मूळ लांबी ठाऊक असली, तरच हातातला तुकडा कितवा हिस्सा आहे हे कळतं. फाळक्यांचा ‘लंकादहन’ (१९१७) सुमारे तीन हजार फुटांचा होता; उरले आहेत जेमतेम पाचशे. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) साडेपाच हजारांच्या घरातला. तिथेही शिल्लक पाचशेच्या थोडी वर. आठ-नऊ मिनिटांचा ऐवज.

का गेले?

पहिलं कारण खुद्द फिल्मच्या पट्टीत होतं. त्या काळची पट्टी सेल्युलोज नायट्रेटची. तिच्यावर उमटणारं चित्र देखणं असे, पण ती भडकन पेट घेई आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नसे. पेटली नाही तरी ती स्वस्थ बसत नाही. उष्णतेत आणि दमट हवेत ती हळूहळू कुजते. आधी चित्र फिकट होतं, मग पट्टी चिकट होऊन वळी एकमेकींना धरून बसतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. मुंबईच्या हवेत पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या रिळांचं दुसरं काय होणार होतं?

दुसरं कारण व्यापाराचं. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये आर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ लागला आणि दोन-तीन वर्षांत मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही. जे चित्रपट चालणार नाहीत, त्यांना जागा कोण देणार? फिल्मवरच्या थरात चांदी असते. ती काढून घेण्यासाठी रिळं भंगारात विकली गेली. चार पैसे सुटले, गोदाम मोकळं झालं. ‘आलम आरा’ स्वतःही याच वाटेने गेला. पहिला भारतीय बोलपट आज उपलब्ध नाही. त्याची छायाचित्रं आणि जाहिराती तेवढ्या आहेत.

तिसरं कारण आपल्या वृत्तीचं आहे. नाटकाची संहिता छापली जाई, गायकाची तबकडी घरात जपली जाई. चित्रपट मात्र जत्रेतल्या खेळासारखा समजला गेला: पाहिला, आवडला, पुढच्या गावाला गेला. तो जपण्याजोगा कागद आहे असं समाजाला वाटलं नाही आणि सरकारलाही १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघेपर्यंत वाटलं नाही.

फाळक्यांच्या तुकड्यांत काय आहे

‘राजा हरिश्चंद्र’च्या पहिल्या रिळात राजा रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतो आणि तारामती बाजूला बसून पाहते. ती चौकट पाहिली की राजा रविवर्म्याची चित्रं डोळ्यांपुढे येतात, आणि ते साहजिक आहे, कारण फाळक्यांनी रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेलं होतं. तारामतीचं काम साळुंके या तरुणाने केलं. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंकेंनी केल्या. उरलेल्या पाचशे फुटांत अशोकवनातली सीता आहे, म्हणून त्या कामाची थोडी तरी साक्ष आपल्याकडे आहे.

‘श्रीकृष्ण जन्म’च्या शिल्लक भागात कंसाला पडलेलं भय दिसतं: त्याचं मस्तक धडावेगळं होऊन वर जातं आणि पुन्हा खाली येऊन बसतं. आजच्या प्रेक्षकालाही हा प्रसंग दचकवतो. कॅमेऱ्यातच फिल्म मागे घेऊन, झाकून, पुन्हा उघडून केलेली ही करामत आहे. शंभर वर्षांपूर्वी नाशिकमध्ये बसून फाळके हे करत होते.

सर्वांत मोठा ठेवा ‘कालिया मर्दन’ (१९१९). हा चित्रपट बराचसा उरला आहे, त्यामुळे फाळक्यांचं दिग्दर्शन सलग पाहायला मिळणारी ही जवळजवळ एकमेव जागा. कृष्णाचं काम त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केलं. चित्रपटाच्या आरंभीच फाळके पाटी देऊन सांगतात की आता या मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव पाहा. मग ती एकामागून एक भाव करून दाखवते आणि तिच्या जागी कृष्ण दिसू लागतो. नट आणि देव यांतलं अंतर प्रेक्षकाला आधी उघड दाखवायचं आणि मग ते पुसून टाकायचं, ही विलक्षण धीट कल्पना आहे. पुढे डोहातली झुंज आणि काठावर आकांत करणारे गोकुळवासी आलटून पालटून दिसतात. फाळके नुसती नाटकं चित्रित करत होते, असं म्हणणाऱ्यांनी हा भाग पाहावा.

याच काळातला ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा माहितीपटही तुकड्यांत उरला आहे. त्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात: सूचना देताना, फिल्मची पट्टी उजेडात धरून तपासताना. एवढ्या मोठ्या कारागिराला आपल्या कामात मग्न पाहण्याची ही संधी काही मिनिटांचीच आहे.

जिथे काहीच उरलं नाही

फाळक्यांच्या बाबतीत निदान पुरावा आहे. त्यांच्याआधी १८९९ मध्ये सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण केलं, ते गेलं. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी कॉरोनेशनमध्येच दाखवला गेला; तोही गेला. पहिला कथापट तोरण्यांचा की फाळक्यांचा हा वाद आपण जाहिराती आणि आठवणींच्या आधारे घालतो, कारण दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहण्याची सोय नाही. ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली. भारतीय पडद्यावर स्त्री प्रथम दिसली ती या चित्रपटात, आणि तो आपण पाहू शकत नाही.

कोल्हापूरची कथा अधिक जिव्हारी लागते. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी देवादिकांना बाजूला ठेवून कर्जात बुडालेला, जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी दाखवला. कथा नारायण हरी आपट्यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात म्हणून प्रत्येक इतिहासात या चित्रपटाचं नाव येतं, आणि तो मूकपट आज उपलब्ध नाही. १९३६ मध्ये पेंटरांनीच त्याचा बोलपट केला, पण अकरा वर्षांनंतरच्या बोलपटावरून मूकपटाची दृश्यभाषा ठरवता येत नाही. ‘सावकारी पाश’बद्दल आपण जे बोलतो ते पाहिलेल्यांच्या आठवणींवर आणि मोजक्या छायाचित्रांवर उभं आहे, हे आपल्या लेखनात स्पष्ट म्हटलं पाहिजे.

कुठे सापडले?

जे सापडले त्यांच्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. केरळचा ‘मार्तंड वर्मा’ (१९३३) सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या कादंबरीवरचा. हक्कांच्या दाव्यात चित्रपटाची रिळं कादंबरीच्या प्रकाशकाच्या ताब्यात गेली, प्रदर्शन बंद पडलं. आणि १९७४ मध्ये त्याच प्रकाशकाच्या, त्रिवेंद्रमच्या कमलालय बुक डेपोतून तीच रिळं संग्रहालयाला मिळाली. खटल्याने चित्रपट मारला आणि खटल्यानेच राखला.

कलकत्त्यात तयार झालेला ‘बिल्वमंगल’ (१९१९) पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये निघाला. मूळ साडेतीन हजार मीटरहून लांब चित्रपटातले ५९४ मीटर तिथे होते. त्यांची डिजिटल प्रत २०१६ मध्ये पुण्याला आली. हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचे ‘प्रेम संन्यास’, ‘शिराझ’, ‘प्रपंच पाश’ हे तिन्ही चित्रपट टिकले, कारण जर्मन आणि ब्रिटिश भागीदारीमुळे त्यांच्या प्रती युरोपात होत्या आणि तिथल्या संस्थांनी त्या सांभाळल्या.

फाळक्यांचे तुकडे मिळाले ते मुख्यतः त्यांच्या कुटुंबीयांकडून. ते मिळवून, क्रम लावून जोडण्याचं श्रेय पी. के. नायर यांचं. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची घडी त्यांनी बसवली आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत गावोगाव फिरून, घरं आणि गोदामं धुंडाळून हजारो चित्रपट जमा केले. आज आपण फाळक्यांविषयी काही पाहून बोलू शकतो, याचं ऋण प्रथम नायर यांचं आहे. मार्च २०१६ मध्ये ते पुण्यातच वारले.

एक गोष्ट या सगळ्यांत समान आहे. यांतली जवळजवळ कुठलीही प्रत व्यवसायाने मुद्दाम जपलेली नाही. कुटुंबाने, पुस्तकाच्या दुकानाने, परदेशी संस्थेने ती राखली. जगभर हेच घडलं. फ्रित्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चा गहाळ भाग २००८ मध्ये सापडला तो ब्यूनस आयर्सच्या संग्रहात. अमेरिकेत १९१२ ते १९२९ दरम्यानच्या सुमारे अकरा हजार मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत, असा तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाचा २०१३ चा अहवाल सांगतो. आपली स्थिती त्याहून कितीतरी वाईट आहे.

आणि संग्रहालयात आलं म्हणजे सुटलं असंही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठीला आग लागली आणि तिथे ठेवलेली नायट्रेटची रिळं जळून गेली; त्यांत प्रभात फिल्म कंपनीच्या मूळ निगेटिव्ह होत्या. प्रभातच्याच जुन्या जागेत प्रभातचा मूळ ठेवा राख झाला. सुरक्षित फिल्मवर काढलेल्या प्रती वाचल्या म्हणून ते चित्रपट आपण पाहतो.

आता काय करायचं

पहिली गोष्ट अभ्यासकांनी करायची. तुकड्याला तुकडा म्हणावं. किती फूट उरलं, कोणत्या वर्षाच्या प्रतीतलं, कुठून मिळालं, हे प्रत्येक प्रदर्शनात पाटीवर असावं. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून दोन रिळं दाखवून गप्प राहणं फाळक्यांवरही अन्याय आहे.

दुसरी गोष्ट सरकारची. छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्याचा कायदा १९५४ पासून आहे. चित्रपटाची प्रत जमा करण्याचं असं बंधन आजही नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. व्यवस्था कुणाच्याही हाती असो, हे बंधन आलंच पाहिजे. डिजिटल चित्रपट नायट्रेटसारखे पेटणार नाहीत, पण बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून ते परत मिळतीलच असं नाही.

तिसरी गोष्ट तुमची-माझी. आजोबांचं टूरिंग टॉकीज असेल, घरात कुणी कोल्हापूर, नाशिक किंवा पुण्याच्या कंपनीत काम केलं असेल, तर माळा आणि जुन्या ट्रंका एकदा पाहा. गोल पत्र्याचा डबा सापडला तर तो उन्हात, चुलीजवळ किंवा दिव्याखाली उघडू नका, पट्टी प्रोजेक्टरवर चढवू नका, चिकटलेली वळी सोडवू नका. थंड, हवेशीर जागी ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. पद्यावल्या, चित्रपटाच्या पुस्तिका, काचेच्या स्लाइड, हस्तपत्रकं, छायाचित्रं यांनाही रद्दी समजू नका. ज्या चित्रपटाचं एक फूटही उरलेलं नाही, त्याचा तोच एकमेव पुरावा असू शकतो. रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा विचारा, एवढीच विनंती.