मोबाईलवरची शर्यत मुलाला काय शिकवते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नागऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत आईवडील मला एक प्रश्न हमखास विचारतात. 'पोरगं दिवसभर मोबाईलवर गाडीची शर्यत खेळतं. त्यातून काही शिकतं का, की नुसतं वेड लागतं?' रोवणीच्या दिवसांत घरची सगळी माणसं बांधीत असतात. तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलाला शांत बसवायला मोबाईलसारखं साधन नाही. म्हणून या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं.

आधी खेळ काय आहे ते पाहू. 'हिल क्लाइंब रेसिंग' हा फिनलंडमधल्या फिंगरसॉफ्ट कंपनीचा खेळ 2012 साली आला. तो नेट नसतानाही चालतो. त्यात दोनच पायपट्ट्या आहेत, एक वेगाची आणि दुसरी ब्रेकची. चढउतारांचा रस्ता आहे. पेट्रोल संपत जातं आणि वाटेत पेट्रोलचे डबे मिळतात. वेगाची पट्टी नुसती दाबून धरली तर टेकाडावर गाडी उलटते, चालकाचं डोकं आपटतं आणि डाव संपतो. पाच वर्षांचं मूल दहा-वीस वेळा आपटतं आणि मग आपसूक बोट उचलायला शिकतं. आपण काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, याचा संबंध त्याला समजतो. चुकलं तरी पुन्हा करून पाहायचं, हेही त्याच्या अंगी येतं. डोळा आणि बोट यांचा मेळ बसतो. जमवलेली नाणी आज खर्च करावीत, की चांगल्या इंजिनासाठी राखून ठेवावीत, असा छोटासा हिशेबही सुरू होतो. एवढं श्रेय या खेळाला द्यायला हरकत नाही.

मग वेग म्हणजे काय, हेही मूल यातून शिकतं का? इथे जरा थांबावं लागतं. 1928 साली आइन्स्टाइन यांनी स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना विचारलं होतं की, मुलाला आधी काय कळतं, वेळ की वेग? पियाजेंनी पुढे यावर बरेच प्रयोग केले. त्यांनी मुलांसमोर एक लांब आणि एक आखूड असे दोन बोगदे ठेवले. दोन बाहुल्या एकदमच आत शिरल्या आणि एकदमच बाहेर आल्या. लहान मुलं म्हणाली, 'दोघींचा वेग सारखाच.' एक बोगदा लांब आहे हे त्यांना दिसत होतं, तरीही. लहान मुलाच्या लेखी जो पुढे पोचला तो वेगवान. अंतर आणि वेळ यांची सांगड त्याला अजून घालता येत नसते. शर्यतीच्या खेळात पडद्यावर 'पहिला', 'दुसरा' असे क्रमांक झळकतात, म्हणजे मूल ज्यावर आधीच अडलेलं असतं तेच पुन्हा पक्कं होतं. वेग समजायला कुणीतरी शेजारी बसून विचारावं लागतं, 'ही गाडी मागून निघाली आणि तरी बरोबर पोचली, मग जोरात कोण धावली?'

हा 'कुणीतरी' फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी 2008 साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला एक ते दहा आकड्यांच्या पट्टीवर सोंगटी पळवण्याचा खेळ दिला आणि प्रत्येक घराला आकडा मोठ्याने म्हणायला लावला. दुसऱ्या गटाला तशीच पट्टी दिली, पण आकड्यांऐवजी रंगांची. पंधरा-वीस मिनिटांचे चारच डाव झाले. आकड्यांच्या गटाची संख्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकली. रंगांच्या गटाला तसा फायदा झाला नाही. शर्यत दोन्हीकडे होती, पण शिकवलं ते तिला जोडलेल्या आकड्यांनी आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने.

दूर कशाला, आपल्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी संस्था आहे. वैमानिकांच्या शिक्षणात यंत्रावरचं आभासी उड्डाण असतंच. तेही एका अर्थी पडद्यावरचा खेळच. पण तिथे शेजारी शिक्षक असतो. तो थांबवतो, विचारतो, चूक दाखवतो, आणि त्यानंतर विद्यार्थी खऱ्या विमानात बसतो. आपल्या ओसरीवरच्या मुलाजवळ खेळ असतो, पण शिक्षक आणि खरं विमान या दोन गोष्टी नसतात.

आता धोक्याची बाजू. मोबाईलवर गाडी उलटली तर एका बोटाने नवी गाडी मिळते. गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर तशी सोय नाही. 2007 साली जर्मनीतल्या संशोधकांनी तरुणांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की, बेफाम शर्यतीचे खेळ खेळल्यावर त्यांचा धोका पत्करण्याकडे कल वाढतो. हे प्रयोग लहान मुलांवर नव्हते, त्यामुळे फार ताणून अर्थ काढू नये. पण आज ओसरीवर बसलेला मुलगा दहा-बारा वर्षांनी मोटारसायकल मागणारच आहे. म्हणून 'खेळातली गाडी पुन्हा उठते, माणूस उठत नाही' हे वाक्य त्याच्या कानावर लहानपणापासून पडू द्यावं. आपल्याकडे शंकरपटात बैल जोडणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बैल दमतो, त्याला वैरण लागते, विश्रांती लागते, हे त्याच्या घरातलं पोरही जाणतं.

किती वेळ खेळू द्यावं? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की, दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. मी म्हणेन, याहून कमीच बरं. जेवताना आणि झोपण्यापूर्वी तर नकोच.

आणि उरलेल्या वेळात काय करावं? तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल बहुतेक घरांत असतो. अंगणात खडूने एक ते दहा घरं आखा. एक फळी तिरकी लावा, बैल सोडा आणि कितव्या घरात थांबतो ते मुलाला मोजायला लावा. फळी आणखी उंच केली तर कुठवर जाईल, हे आधी त्याला विचारा आणि मग सोडून बघा. मातीत, शेणाने सारवलेल्या जागेवर आणि फरशीवर तो सारखाच धावतो का, तेही पाहू द्या. यात वेग आहे, अंतर आहे, मोजणी आहे आणि अंदाज चुकण्याची मजाही आहे. शिवाय बैल पडला तर तो उचलून आणायला मुलाला स्वतः उठावं लागतं.

मोबाईल घरातून हद्दपार करा असं माझं म्हणणं नाही. ते आता कुणालाच जमण्यासारखं नाही. पण संध्याकाळी बांधीतून परतल्यावर दहा मिनिटं मुलाजवळ बसा आणि 'आज गाडी का उलटली?' एवढंच विचारा. तो सांगू लागला की खेळातून शिकणं सुरू झालं असं समजा.