डाक्सहुंडाचे तीन अंगरखे

पाहताक्षणीच माणसाला हसू यावे, असा मान कुत्र्यांच्या जातींत कुणाला द्यायचा झाला तर तो डाक्सहुंडालाच द्यावा लागेल. लांबलचक धड, वीतभरही नसलेले पाय, लोंबते कान. आणि एवढ्याशा पायांवर चालताना चेहऱ्यावर मात्र एखाद्या संस्थानच्या दिवाणाचा रुबाब! आपल्याकडे बहुतेक घरांत त्याला 'डॅशहाउंड' म्हणतात. पण नाव मूळचे जर्मन. 'डाक्स' म्हणजे बॅजर, जमिनीत बीळ करून राहणारा एक चिवट, दातनखांचा प्राणी; आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरायचे आणि काळोखात त्याच्याशी दोन हात करायचे, हे या बुटक्याचे पिढीजात काम. ज्या आखूड पायांना आपण हसतो, ती त्याची हत्यारे आहेत.

देह असा एकच, पण त्यावरचे अंगरखे मात्र तीन. पहिला आखूड, गुळगुळीत केसांचा, हाच जुना. दुसरा लांब, रेशमी केसांचा. स्पॅनिएल जातीच्या रक्ताने तो आला असावा असे मानतात. तिसरा तारेसारख्या राठ केसांचा. त्याला भरघोस भुवया आणि चक्क दाढीमिशा असतात! हा काटेरी झुडपांत घुसणाऱ्या शिकारी कुत्र्यासाठी टेरिअरसारख्या जातींशी संकर करून तयार झाला. जर्मनीत या जातीची संस्था १८८८ साली स्थापन झाली. तिथे आकारही तीन मानतात : मोठा, लहान आणि सशाच्या बिळात मावणारा. हे आकार ठरवताना छातीभोवती टेप धरतात. बिळाच्या तोंडाशी प्रश्न छातीच्या घेराचाच असतो ना! तीन अंगरखे आणि तीन आकार, असे हे नऊ प्रकारांचे गोत्र आहे.

घरात पिल्लू आणायचे झाले, तर अंगरख्याचा विचार गृहिणीने आधी करावा. कारण केर शेवटी तिलाच काढावा लागतो. आखूड केसांच्याला आठवड्यातून एकदोनदा ओलसर फडक्याने पुसले की भागते. त्याचे केस गळतात, पण बारीक असल्याने चटकन दिसत नाहीत. लांब केसांच्याला दिवसाआड विंचरावे लागते. कानामागे, काखेत आणि शेपटीखाली गुंता झाला की तो सोडवता सोडवता दोघांचीही सहनशक्ती संपते. राठ केसांच्याचे मेलेले केस वर्षातून दोनतीनदा चिमटीने उपटून काढतात. कात्री किंवा यंत्र वारंवार चालवले की त्या केसांचा राठपणा जातो. आणि पोट जमिनीपासून चार बोटांवर असल्यामुळे पावसाळ्यात तिघांचेही पोट फिरून आल्यावर कोरडे करावेच लागते.

हे तीन अंगरखे शिवणारा शिंपी कोण, याचा उलगडा २००९ साली झाला. अमेरिकेतल्या संशोधकांनी ऐंशी जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांची तपासणी केली, आणि त्यांत डाक्सहुंड मुद्दाम घेतले होते. कारण एकाच जातीत तिन्ही अंगरखे त्यांना आणखी कुठे मिळणार? निष्कर्ष असा निघाला की, कुत्र्यांच्या केसांतली बहुतेक सारी विविधता अवघ्या तीन जनुकांच्या खेळातून येते. एक जनुक लांबी ठरवतो, दुसरा दाढीमिशा आणि राठपणा, तिसरा कुरळेपणा. कुरळेपणाचा आपल्या नायकाशी संबंध नाही. लांब केसांचा गुण सुप्त असतो, म्हणजे तो आई आणि बाप या दोघांकडूनही यावा लागतो. त्यामुळे आखूड केसांच्या जोडप्याला अचानक एखादे लांब केसांचे पिल्लू झाले, तर कुणी कुणावर संशय घेण्याचे कारण नाही. आजीआजोबांचा ठेवा तेवढा वर आला. दाढीमिशा मात्र प्रबळ. एकाकडूनच आल्या तरी त्या उगवतातच.

आता रंग. जनावरांच्या रंगांच्या बाबतीत मराठी भाषा मुळीच गरीब नाही. तांबडा, उदी, पिंगट, करडा, पट्टेरी, बांडा, कबरा हे सारे शब्द डाक्सहुंडालाही चपखल बसतात. सर्वांत जास्त आढळतो तो तांबडा. त्याच्या खालोखाल काळा. याच्या भुवयांवर, तोंडावर, छातीवर आणि पायांवर तांबूस ठिपके असतात. मग चॉकलेटी, फिका साय-रंगी, वाघासारखा पट्टेरी. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकचे शुभचिन्ह म्हणून 'वाल्डी' नावाचा डाक्सहुंड निवडला गेला, तेव्हा चित्रकाराने त्याच्या अंगावर निळे-हिरवे-पिवळे पट्टे ओढले. चित्रात ते शोभले. पण खऱ्या कुत्र्याच्या अंगावरही काही नवलाचे रंग उमटावेत, हा हव्यास माणसाला सुटतो, आणि तिथून गोष्ट हसण्याची राहत नाही.

या हव्यासाचे लाडके नाव म्हणजे 'डॅपल'. आपल्या भाषेत कबरा. काळ्या किंवा उदी अंगावर करड्या-रुपेरी रंगाचे शिंतोडे, जणू ओल्या शाईवर कुणी पाणी शिंपडले आहे. कधी एखादा डोळा निळा. दिसायला मोठे देखणे पिल्लू! इतर जातींत यालाच 'मर्ल' म्हणतात. त्यामागचा जनुकातला बदल २००६ साली सापडला. या बदलाची एकच प्रत पिल्लाला मिळाली, तर अंगावर शिंतोडे उडतात आणि सहसा तेवढ्यावर भागते. आई आणि बाप दोघेही कबरे असले, तर मात्र काही पिल्लांना दोन प्रती मिळतात. अशा पिल्लाच्या अंगावर पांढरे मोठे पट्टे येतात, आणि त्याबरोबर डोळे बारीक राहणे, दृष्टी अधू असणे, अंधत्व, बहिरेपण हेही येऊ शकते.

रंगाचा आणि कानाचा काय संबंध, असे कुणीही विचारील. संबंध फार जवळचा आहे. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि शरीरभर पसरतात. त्यांतल्या काही त्वचेत जातात, काही डोळ्यात, काही आतल्या कानात. कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात, त्यांना जगवण्याचे काम या रंगपेशींच्या शेजारावर अवलंबून असते. त्या तिथे पोचल्याच नाहीत, तर जन्मानंतर काही आठवड्यांतच त्या कानाचे ऐकणे कायमचे बंद होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत निरनिराळ्या जातींचे १५३ मर्ल कुत्रे तपासले होते. एक प्रत असलेल्यांत एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले शेकडा साडेतीन. दोन प्रती असलेल्यांत शेकडा पंचवीस.

यातले गणित शाळकरी मुलालाही करता येईल. दोन कबऱ्यांची जोडी लावली, तर सरासरीने चारांतले एक पिल्लू दोन प्रतींचे. एक कबरा आणि एक साधा अशी जोडी लावली, तर निम्मी पिल्ले कबरी, निम्मी साधी आणि दोन प्रतींचे एकही नाही. म्हणजे ज्याला कबरे पिल्लूच हवे आहे, त्याचीही हौस दुसऱ्या मार्गाने बिनधोक भागते. मग पहिला मार्ग कशासाठी? दर वेतातली कबरी पिल्ले वाढावीत आणि अधिक दाम मिळावेत, एवढ्यासाठी! इंग्लंडच्या केनेल क्लबने २०१३ सालापासून दोन मर्ल मातापित्यांच्या पिल्लांची नोंद करणेच बंद केले.

यात आणखी एक फसवी जागा आहे. हा जनुक काळ्या आणि उदी रंगावर आपली करामत दाखवतो. तांबड्या किंवा साय-रंगी कुत्र्यात तो अनेकदा दिसतच नाही. वरून पाहावे तर साधा तांबडा, आणि आत कबरेपणा दडलेला! असा कुत्रा कबऱ्या कुत्रीला दिला, तर प्रामाणिक माणसाच्या हातूनही अनर्थ घडतो. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून केलेली जनुक-तपासणी हा यावरचा उपाय आहे.

नवलाच्या दुसऱ्या रंगांचीही थोडी किंमत मोजावी लागते. काळ्याचा फिका होऊन झालेला 'निळा' आणि चॉकलेटीचा फिका होऊन झालेला 'इझाबेला' यांच्यात पुढे केस विरळ होण्याचा आणि कातडी बिघडण्याचा त्रास काहींना जडतो. आणि आखूड पायांबरोबर आलेला मणक्याचा अशक्तपणा तर रंग न पाहता साऱ्या डाक्सहुंडांच्या वाट्याला आहेच. म्हणून त्याला लठ्ठ होऊ देऊ नये, आणि कोचावरून उड्या मारू देऊ नयेत. एवढे ओझे पाठीवर असलेल्या जिवाला डोळ्यांचे आणि कानांचे दुखणे आपल्या हौसेने का द्यावे?

तेव्हा पिल्लू घेताना त्याच्या अंगाआधी त्याच्या आईबापांकडे पाहावे. दोघे कोणत्या रंगाचे, हे विचारावे. एक जरी कबरा असेल, तर दुसऱ्याच्या तपासणीचा कागद मागावा. वंशावळीच्या कागदावर पूर्वजांची नावे असतात. पिल्लाला ऐकू येते की नाही, ते त्यावर लिहिलेले नसते. ते पाठमोरे असताना, भावंडांपासून दूर नेऊन, किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा. पायाने जमीन आपटू नये. बहिऱ्या पिल्लालाही हादरा कळतो. एका कानाचे बहिरेपण मात्र या युक्तीने कळत नाही, त्याला पशुवैद्यकाचे यंत्रच हवे. आणि दिवाळीत फटाक्यांच्या आवाजातही एखादे कबरे पिल्लू निवांत झोपलेले दिसले, तर 'काय धीट आहे हो!' असे कौतुक करण्यापूर्वी जरा थांबावे.

अंगरखा तिन्हींतला कोणताही घ्यावा. विंचरायला वेळ किती आहे, तेवढे पाहून ठरवावे. रंग साधा तांबडा मिळाला तर आनंदाने घ्यावा. आणि दाराची घंटा वाजताच त्या साध्या तांबड्याने भुंकून सारी चाळ डोक्यावर घेतली, तर त्याच्यावर रागावू नये. त्याचे कान शाबूत असल्याची ती पावती आहे.