उंदीर, पिसू आणि आकडेमोड



'संशोधन' हा शब्द उच्चारला की आपल्यासारख्यांच्या मनात आदर उत्पन्न होतो, पण त्याबरोबर एक दुरावाही उत्पन्न होतो. गणित गणित्यांचे, वैद्यक डॉक्टरांचे, इतिहास इतिहासकारांचा. आपण फार तर भाषणे ऐकावीत आणि घरी जावे, अशी समजूत रूढ झाली आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते युनियनच्या कामातून सवड काढून वाचले. त्या वाचनातून माझे असे मत झाले आहे की ही समजूत दोन प्रकारे चुकीची आहे. एक तर ज्ञानाची ही खाती आपण मानतो तितकी वेगळी नाहीत. आणि दुसरे म्हणजे, ज्या माणसांच्या जगण्यामरण्यातून हे ज्ञान उभे राहते, ती माणसे बहुधा तुमच्याआमच्यातलीच असतात. हे नुसते तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एका उदाहरणाने सांगतो. ते उदाहरण मुंबईच्या प्लेगचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि जांघेत गाठ असलेले रोगी दगावू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. आकासियो व्हिएगास यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. मांडवी हा बंदराला लागून असलेला धान्याच्या गुदामांचा भाग. तेथून साथ शहरभर पसरली आणि लाखो माणसे मुंबई सोडून गावाकडे निघाली. माणसे मिळेनाशी झाल्यामुळे गिरण्यांमध्ये कामगारांसाठी चढाओढ लागली. याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी लोखंडे गेले. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारा हा माणूस. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. तेव्हा ही गोष्ट आपल्या घरातली आहे, हे ध्यानात असू द्यावे.

प्लेगचा जंतू तोवर सापडलेला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधून काढला होता. परंतु हा जंतू माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. दोष घाणीचा, दमट जमिनीचा, कोंदट हवेचा, असे सरकारी डॉक्टरांना वाटे. म्हणून गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचे पाणी सोडण्यात आले, घरांची कौले काढण्यात आली, गोरगरिबांचे कपडेलत्ते जाळण्यात आले. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता दिली. घरात शिरून तपासणी सुरू झाली, रोग्यांना बळजबरीने इस्पितळात नेण्यात येऊ लागले. पुण्यात या जाचाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या विणकर वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली. लोक अडाणी होते म्हणून त्यांनी विरोध केला, असे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. मला हे पटत नाही. उपाय करणाऱ्यांनाच रोगाची वाट माहीत नव्हती, आणि त्या अज्ञानाची किंमत मात्र चाळीतल्या माणसाला द्यावी लागत होती. गटारे धुतल्याने तर तिथले उंदीर घरांकडेच हाकलले गेले असण्याचा संभव आहे.

उंदीर आणि प्लेग यांचा काही संबंध आहे हे लोकांना माहीत नव्हते असे नाही. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हा शहाणपणा पुढे आपल्या खेड्यापाड्यांतही रुळला. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी लोकांना तर तो मुंबईच्या साथीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. लोकांच्या अनुभवाने खूण बरोबर ओळखली होती. कारण मात्र अजून सापडायचे होते.

ते कारण पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टराने २ जून १८९८ रोजी कराचीत शोधले. काचेच्या एका मोठ्या बरणीत त्याने प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांना एकमेकांना शिवता येत नव्हते; पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. काही दिवसांत दुसरा उंदीरही प्लेगने मेला. इतका साधा प्रयोग, पण कित्येक वर्षे विद्वानांनी त्याला मान्यता दिली नाही.

१९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने हा प्रश्न परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा हाती घेतला. हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. प्लेगच्या खोल्यांत गिनिपिग ठेवण्यात आले. काहींच्या भोवती चिकट कागद पसरला, म्हणजे पिसवा त्यावरच अडकून राहतील. काहींना उघडे ठेवले. हवा सर्वांना तीच, जमीनही तीच. उघड्यांपैकी काहींना प्लेग झाला; संरक्षण असलेले वाचले. घाणीचा आणि हवेचा सिद्धान्त तेथे कोसळला. पिसवेच्या पोटात जंतूंची वाढ होऊन तिची अन्ननलिका तुंबते आणि भुकेली पिसू चावताना जंतू उलटून जखमेत सोडते, हे पुढे १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवून दिले.

आयोगाचे दुसरे काम मला याहून मोलाचे वाटते. मुंबईभरातून रोज उंदीर गोळा करून, ते कोठे सापडले याची नोंद ठेवून, प्रत्येकाची तपासणी करण्यात आली. या नोंदींतून असे दिसले की प्लेग आधी गटारातल्या उंदरांत वाढतो, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. काळा उंदीर माणसाच्या घरातच राहणारा. एकेका खोलीत पाच-सात माणसे, तिथेच चूल, तिथेच धान्याचे पोते. अशा ठिकाणी उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर पिसवेच्या एका उडीचे. म्हणजे प्लेगचा प्रश्न हा घराचा, भाड्याचा आणि मजुरीचाही प्रश्न होता, हे उंदरांच्या मोजणीतून सिद्ध झाले. ते हजारो उंदीर ज्यांनी बिळांतून आणि माळ्यांवरून गोळा केले, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. संशोधनाचा पाया त्यांनी घातला, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

आता गणिताकडे वळू. मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंचे आठवड्यागणिक आकडे पुढे एडिंबरोला पोहोचले. तेथे दोघे जण एकत्र काम करीत होते. अँडरसन मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर, तर विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात केरमॅक यांची दृष्टी गेली होती. १९२७ साली या दोघांनी साथीचे गणित मांडले आणि त्यातला आलेख होता मुंबईचा : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ मधील मृत्यू.

त्यांचा मुख्य विचार आपल्याला शाळेतल्या हिशेबाने समजू शकतो. समजा, एक रोगी बरा होईपर्यंत किंवा दगावेपर्यंत दोघांना रोग देतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. परंतु हे सदैव चालत नाही. चाळीतल्या शंभरांपैकी पन्नासांना रोग होऊन गेला की रोग्याच्या सहवासात येणाऱ्या दोघांपैकी सरासरी एकच रोग घेण्याजोगा उरतो. एक रोगी एकालाच रोग देऊ लागला की साथ वाढायची थांबते. त्याहूनही कमी झाले की ती ओसरते. म्हणजे साथ ओसरण्यासाठी सर्वच्या सर्व माणसे आजारी पडावी लागत नाहीत. लस ही रोगाशिवाय तोच आकडा कमी करते.

मात्र मुंबईचा प्लेग माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो उंदरांतून येत होता आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी ओसरत होता. आपण मांडलेले गणित येथे ढोबळ आहे, हे त्या दोघांना ठाऊक होते. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने जुने आकडे पुन्हा तपासले आणि दाखवून दिले की वक्ररेषा जुळली म्हणून तिच्यामागचे कारण जुळले असे होत नाही. उंदीर आणि ऋतू हिशेबात धरावेच लागतात. पंचाऐंशी वर्षांनीसुद्धा जुना कागद उघडून त्यातली उणीव काढता येते, यालाच मी संशोधनाची प्रकृती म्हणतो. सर्कशीतल्या पुढाऱ्यासारखे छाती ठोकून बोलणे तेथे चालत नाही.

२०२० साली करोनाच्या काळात जगभर साथीचे जे अंदाज बांधण्यात आले, त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी याच १९२७ च्या लेखाची मांडणी होती. आणि त्याच वर्षी मुंबईतून मजुरांचे तांडे पुन्हा गावाकडे निघाले, १८९६ च्या हिवाळ्यात निघाले होते तसेच. गणित पुढे गेले; मजुराची खोली मात्र तितकी पुढे गेली नाही.

आम्ही युनियनवाले वर्षानुवर्षे एक गोष्ट पाहत आलो आहोत. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर नसेल तर त्याचा अपघातही कागदावर येत नाही. पिंजणखात्यातल्या माणसाचा दमा 'विडीचा खोकला' म्हणून लिहिला गेला तर कापसाच्या धुळीवर कोणी संशोधन करणार नाही. ज्याची नोंद नाही त्याची चौकशी होत नाही, आणि ज्याची चौकशी नाही त्यावर उपायही निघत नाही. मुंबईच्या प्लेगचे मृत्यू आठवड्याच्या आठवड्याला लिहिले गेले, म्हणूनच एडिंबरोच्या अंध रसायनशास्त्रज्ञाला त्यातून जगाच्या उपयोगाचे काही सांगता आले.

म्हणून दोन गोष्टी सुचवून थांबतो. आपल्या कारखान्यातला, वस्तीतला आजार आणि अपघात खऱ्या कारणासह नोंदला जाईल असा आग्रह धरा. आणि कोणी पाहणीसाठी दाराशी आला, तर त्याला खरी माहिती द्या. पण निष्कर्ष निघाल्यावर तो आम्हाला मराठीत, याच वस्तीत येऊन समजावून सांगाल ना, हेही त्याला विचारा. तो प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे.