गावी बांधलेली ट्रॉली व तिची नोंदणी

नातेपुते हे पुणे-पंढरपूर मार्गावरील गाव. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचे पाणी खेळू लागले, उसाचे क्षेत्र वाढले आणि माळीनगर, सदाशिवनगर व अकलूज येथे साखर कारखाने उभे राहिले. त्याबरोबर रस्त्यावरची वाहतूकही वाढली. शेणखत, कडबा, ऊस, डाळिंबाच्या पेट्या असे सारे वाहण्यास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखे सोयीचे साधन नाही. लोखंड विकत आणावे, जुना ॲक्सल व चाके मिळवावीत आणि वेल्डिंगच्या दुकानात ती बांधून घ्यावी, हा मार्ग स्वस्त पडतो. मात्र या स्वस्ताईत ट्रॉलीची नोंदणी बहुधा राहून जाते.

बैलगाडीस मोटार कायद्याची नोंदणी लागत नाही. ट्रॉलीसही इंजिन नाही, तेव्हा तिलाही ती नको, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश केलेला आहे. ट्रॅक्टरची नोंदणी झाली म्हणून ट्रॉलीची झाली असे होत नाही. दोहोंची नोंद स्वतंत्र असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ प्रमाणे नोंदणीच्या अर्जासोबत विक्री प्रमाणपत्र, विमापत्र व रस्त्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र लागते. ट्रेलरच्या बाबतीत त्याच्या आराखड्यास मिळालेल्या मंजुरीची प्रतही जोडावी लागते. म्हणजे कागदाचे काम लोखंड कापण्यापूर्वी सुरू होते. ट्रॉली बांधून झाल्यावर मंजुरी शोधणे हे पेरणी उरकल्यावर बियाणे निवडण्यासारखे आहे. विसार देण्यापूर्वीच कारागिरास विचारावे की, मंजूर आराखडा आहे काय आणि विक्री प्रमाणपत्र मिळेल काय? उत्तर नाही असे आले, तर दुसरा कारागीर पाहावा. स्वतःच्या अंगणात ट्रॉली बांधू इच्छिणाऱ्याने आधी अकलूजच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. या कार्यालयाकडील क्रमांक एम.एच. ४५ ने सुरू होतात. वाहन रस्त्यावरून तपासणीस न्यावयाचे, तर तात्पुरत्या नोंदणीची सोय कायद्यात आहे.

तपासणीस नेण्यापूर्वी मालकाने ट्रॉली स्वतः पाहावी. हूक व पिन झिजलेली नसावीत. पिन निसटू नये म्हणून खिट्टी व जोडीला साखळी असावी. शिंगणापूरकडील उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, हे चालकास सांगावयास नको. तेव्हा ब्रेककडे दुर्लक्ष करू नये. मागील बाजूस लाल दिवे व लाल रिफ्लेक्टर असावेत. वाढ्यांनी रिफ्लेक्टर झाकला गेला, तर तो असून नसल्यासारखा. रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली अंधारी ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचा जीव घेते.

ट्रॉलीवर क्रमांक दोन असतात. तिचा स्वतःचा क्रमांक बाजूवर, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक मागे. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील, तर ट्रॅक्टरचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीवर हवा.

विम्याचे म्हणाल तर, ट्रॅक्टरचा विमा पुरेसा आहे असे समजून राहू नये. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात ट्रॉलीवरील एक मजूर जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा केवळ शेतीकामापुरता होता व ट्रॉलीचा विमाच नव्हता. न्यायालयाने विमा कंपनीवर जबाबदारी धरली नाही. मजूर गरीब म्हणून कंपनीने त्यास आधी रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. अशी वसुली एखाद्या शेतकऱ्याच्या साऱ्या हंगामाची कमाई नेऊ शकते. चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेस ट्रॉली भरून माणसे नेणाऱ्यांनी याचा विचार करावा. ट्रॉली मालासाठी आहे.

स्वतःच्या शेतीपलीकडे भाड्याने माल वाहावयाचा असल्यास वाहतूक वाहनाचे नियम लागू होतात व योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ट्रॅक्टर-ट्रेलर हे मालवाहू वाहन ठरते व त्यास परवाना लागतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला आहे. तेव्हा ऊस वाहतुकीचा करार करणाऱ्याने ट्रॉलीची नोंद कोणत्या वापरासाठी झाली आहे, हे सही करण्यापूर्वी पाहावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पावसाळ्यातच गावातील ट्रॉल्यांची यादी करून बिननोंदीच्या मालकांस अकलूजला पाठवावे. गळीत हंगाम सुरू झाल्यावर ट्रॉली एक दिवसही मोकळी राहत नाही.