सावलीची शिवाशिवी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पालक शिक्षकांना हमखास विचारतात, ‘सुट्टीत मुलांना अभ्यास काय द्यायचा?’ मग शुद्धलेखनाच्या वह्या निघतात, पाढे निघतात. मुले ते सारे शेवटच्या आठवड्यात कसेबसे उरकतात. खेळ वेगळा आणि शिकणे वेगळे, ही समजूत मात्र त्यातून पक्की होते. आम्हाला वाटते, खेळावर अभ्यास लादण्यापेक्षा खेळातच दडलेला एखादा प्रश्न मुलांच्या हाती द्यावा. मे महिन्यात असा एक प्रश्न प्रत्येक मुलाच्या पायाशीच असतो. तो म्हणजे त्याची सावली.

दुसऱ्याच्या सावलीवर पाय देऊन त्याला बाद करायचे, हा खेळ संध्याकाळी साडेपाचला चांगला रंगतो. तेव्हा सावली उंचीच्या जवळजवळ तिप्पट असते. सकाळी अकरानंतर मात्र ज्याच्यावर राज्य असेल त्याची पंचाईत होते, कारण पाय द्यायला सावली उरतेच कुठे? मुलांना हे अनुभवाने ठाऊक असते. आपण फक्त विचारायचे, ‘तुझी सावली बरोबर तुझ्याएवढी केव्हा होते?’ एकाने उभे राहायचे, दुसऱ्याने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची आणि दोरीने उंची ताडून पाहायची. मेच्या मध्यावर पुण्याच्या परिसरात ही वेळ सकाळी सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान येते. त्या क्षणी सपाट अंगणातल्या प्रत्येक उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी असते. म्हणजे नारळाच्या झाडावर न चढता त्याची उंची मोजता आली!

आता पुढचा प्रश्न : सावली अजिबात नाहीशी होते का? ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असे आपण सहज म्हणतो. एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने ताडून उभी रोवली, तर हे वाक्य तपासता येते. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात या काठीची भर दुपारची सावलीही सुमारे ९० सेंमी असते. पुढे ती दिवसेंदिवस आखडत जाते आणि १३-१४ मेच्या सुमारास, बाराला नव्हे तर १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास, जवळजवळ नाहीशी होते.

असे का होते? पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य ज्या अक्षांशावर माथ्यावर येतो, तो अक्षांश मार्चपासून २१ जूनपर्यंत विषुववृत्ताकडून कर्कवृत्ताकडे सरकतो आणि मग मागे फिरतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या महाराष्ट्रातील प्रत्येक गावाला म्हणूनच वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस लाभतो. दुसरा दिवस पावसाळ्यात, बहुधा ढगांआड जातो. पहिला मात्र नेमका मेच्या सुट्टीत येतो : कोल्हापुरात ६ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मेला, नाशिकला २० मेच्या आसपास, नागपूरला २६ मेच्या सुमारास. वेळेतला फरक येतो तो रेखांशामुळे. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचे, पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला. म्हणून तिथे सूर्य माध्यान्ही उशिरा पोचतो. नागपूर अधिक पूर्वेला असल्याने तिथे ही वेळ बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास असते.

खरी गंमत पुढे आहे. मेच्या अखेरीस पुण्यातली तीच काठी पुन्हा पाहा. सुमारे ६ सेंमी सावली असेल, पण ती उत्तरेला नव्हे, दक्षिणेला! सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या भावंडांनी एकाच दिवशी मोजणी केली, तर आणखी मजा येते. १४ मेला पुण्यात सावली जवळजवळ नसेल, नागपुरात ती सुमारे साडेचार सेंमी उत्तरेला पडेल आणि पणजीत सुमारे ५ सेंमी दक्षिणेला. पृथ्वी सपाट असती, तर इतक्या दूरच्या सूर्याने तिन्ही ठिकाणी सारखीच सावली पाडली असती. गोल पृथ्वीचा पुरावा असा अंगणात सापडतो.

दोन पथ्ये पाळावीत. सूर्याकडे कधीही थेट पाहायचे नाही, आणि दुपारच्या उन्हात डोक्याला टोपी घालून पाच-दहा मिनिटांतच मोजणी संपवायची. तिसरे पथ्य आपल्यासाठी : उत्तर आधी सांगायचे नाही आणि वहीची सक्तीही करायची नाही. सक्ती आली की खेळ संपतो, आणि खेळाबरोबर प्रश्नही.

शाळा उघडल्यावर ‘अभ्यास केलास का?’ याऐवजी विचारावे, ‘तुझ्या गावात सावली कधी हरवली?’ एखादे मूल सांगेल, ‘बाई, माझी सावली उलट्या बाजूला पडली होती.’ भूगोलाचा पहिला तास तिथूनच सुरू करावा.