नात्याचा रकाना

९ जानेवारी २०२५. माझा जोडीदार खाणीतली पाळी संपवून घरी आला, तेव्हा मी मोबाइल हातात घेऊन तसाच बसलो होतो. समलिंगी विवाहाच्या निकालावरच्या फेरविचार याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळल्या होत्या. खुल्या कोर्टात सुनावणीही नाही, दालनातच निकाल. पीठाचे प्रमुख न्या. भूषण गवई, म्हणजे आमच्या अमरावतीचे. मला तेच जास्त लागलं. तो म्हणाला, ‘‘काऊन जीव जाळतं बे? आपल्याले कोन्त्या पत्रिका छापाच्या होत्या?’’ आणि आंघोळीला गेला.

या विषयाची सुरुवात १८६० च्या दंडसंहितेपासून करायचा रिवाज आहे. मला त्याचा कंटाळा आहे. १९९० मध्ये अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं नियतकालिक काढलं, १९९८ मध्ये ‘फायर’ सिनेमावरून थिएटरांची तोडफोड झाली, सावनेरात माझ्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ नाटक १९८१ चं, पण ते माझ्या हाती पडलं तेव्हा पस्तिशी उलटली होती.

आमचं खरं दशक २००९ ते २०१८. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चे दात काढले. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पेपर उघडा आणि हशाच हशा. कोणीतरी म्हणालं, ‘‘आता पोरायसाठी नवरे पाहा लागतीन.’’ सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. हेच लोक खडी गंमत लागली की लुगडं नेसून नाचणाऱ्या पोरावर नोटा ओवाळत. २०१० मध्ये ‘नटरंग’ सिनेमा आला. आम्ही पाचसहा जण नागपूरला जाऊन बघून आलो. त्यातल्या नाच्या गुणाच्या हालांवर डोळे पुसणारा आमचा एक दोस्त परतीच्या बसमध्ये त्याच गुणाची चाल करून दाखवत होता. त्याच्याशी मी आजही बोलतो, पण जपून.

जोडीदार मला भेटला छोट्या लाइनवर. सावनेर ते इतवारी, नॅरोगेज. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचाच, त्यासाठी वेगळी सबब शोधावी लागत नसे. नागपुरात तेव्हा सारथी ट्रस्ट होतं. एचआयव्हीच्या कामाच्या आडोशानं का होईना, आमच्यासारख्यांना एक ठिकाण मिळालं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल उलटवला. आमची संख्या अगदीच नगण्य, असंही त्यात होतं. त्या संध्याकाळी गाडीत त्यानं संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि हळूच म्हणाला, ‘‘आपून पुन्हा चोर झालो.’’

नोव्हेंबर २०१५ अखेर ती गाडी बंद झाली. आता लाइन मोठी आहे, सीटही ऐसपैस आहेत.

ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल आला. त्या पीठावर आमचे नागपूरकर शरद बोबडे होते, त्याचा मला उगाचच अभिमान. त्याच डिसेंबरात यवतमाळात अमेरिकेहून आलेल्या एका मुलानं आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी चक्क लग्नसोहळा केला; ३७७ तेव्हा जिवंत होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला ते गेलं. माझ्या जोडीदारानं पाव किलो जिलेबी आणली आणि घरमालकीणबाईंना सांगितलं, बहिणीचं जमलं म्हणून. काकूंनी मुलाचं गाव विचारलं. त्यानं काटोल सांगितलं.

पुढची वर्षं भराभर गेली. नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी अंगठ्या बदलल्या, सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये लोकसभेत समलिंगी विवाहासाठी खासगी विधेयक आणलं, १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्तींनी लग्नाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. नागपुरात आता मोर्चा निघतो, पोरं गालावर सप्तरंग ओढून फिरतात. मला त्यांचा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो, हे कबूल. त्यांना सावनेरची शेवटची बस धरायची नसते.

पदरात काय पडलं? २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयानं खुलासा केला, जोडीदारासोबत जोडखातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. खातं उघडलं. नात्याच्या रकान्यात मीच ‘मित्र’ लिहिलं. केंद्राच्या अन्न विभागानंही राज्यांना कळवलं, अशा जोडप्याला रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरा. त्या पत्राची प्रत काढून मी एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मुलानं ती नीट वाचली, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाला, ‘‘काका, साइटवर असा ऑप्शनच नाही.’’

चौदा वर्षं आम्ही एका चुलीवर जेवतो. त्याचं नाव अजून त्याच्या मोठ्या भावाच्या कार्डावर आहे.