काचेतला समुद्र : भाग ७
चुन्याची निवळी

"अरे, माशांना चुना लावतोस होय?" आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं. माझ्या हातात पाच लिटरची बरणी होती. तळाला पांढरा गाळ, वर नितळ पाणी आणि पाण्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा. मी म्हटलं, माशांना नाही, प्रवाळांना लावतोय. तिला ते काही पटलं नाही. निवळी ही तिच्या लेखी घरगुती औषधाची चीज. न्यू जर्सीतल्या बेसमेंटमध्ये समुद्र पाळणाऱ्या मुलाला ती कशाला लागते, हे तिला सांगायला अर्धा तास गेला. ते सगळं आज इथं पुन्हा सांगतो. सोबत गेल्या जूनमधली माझी चूकही सांगतो, कारण निवळी मला खरी कळली ती त्या चुकीतून.

गेल्या भागात आपण मीठ आणि आरओचं पाणी पाहिलं. खारटपणा हजारी ३५ वर, तापमान २५-२६ अंशांवर, इथवर टाकी तयार झाली. मासे एवढ्यावर वर्षानुवर्षं राहतात. कडक प्रवाळाचं तसं नाही. तो रोज पाण्यातून दगड बांधतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो आपला सांगाडा रचतो, म्हणजे त्याचं बांधकामाचं साहित्य पाण्यातूनच जातं. समुद्राला याचं काही वाटत नाही. माझ्या टाकीत पाणी आहे २०० लिटर.

या बांधकामाचा हिशेब तीन आकड्यांवर चालतो. समुद्रात कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम असतं, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद. समुद्रात तिचा मोठा वाटा बायकार्बोनेट आणि कार्बोनेटचा असतो, म्हणून ती मोजली की बांधकामाचं निम्मं साहित्य मोजलं जातं. 'केएच' ही अक्षरं 'कार्बोनाटहेर्टे' या जर्मन शब्दाची. हा छंद जर्मनांनी बराच पुढे नेला, त्याची ही खूण. निवळीलाही इथले सगळे छंदी लोक 'काल्कवासर' असंच म्हणतात, म्हणजे शब्दशः चुन्याचं पाणी.

सगळी मेख पुढच्या हिशेबात आहे. प्रवाळ हे साहित्य ठरलेल्या प्रमाणात उचलतो. अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम उतरतं फक्त २० पीपीएम. टाकीत कॅल्शियम सवाचारशे असेल तर २० गेल्याचं कोणाला कळणार? अल्कलिनिटी ८ असेल तर तेवढ्यातच तिचा तिसरा हिस्सा संपलेला असतो. कणगीतून शेरभर धान्य काढलं तर कणगी तशीच दिसते, डब्यातून शेरभर पीठ काढलं तर डबा खडखडतो. कॅल्शियम ही कणगी आणि अल्कलिनिटी हा डबा. नवशिक्या माणसाला मात्र कॅल्शियम मोजायला आवडतं. नाव ओळखीचं, आकडा मोठा आणि नेहमी बरा येणारा. मीही त्यातलाच होतो.

माझी टाकी त्या वसंतात भरात होती. अक्रोपोरा जातीच्या, शिंगांसारख्या फांद्यांच्या सहा वसाहती. सगळ्या दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेल्या फांद्यांच्या छाटांपासून केलेल्या. इथे छाटाला 'फ्रॅग' म्हणतात. आपल्या नर्सरीवाल्याला दाखवला तर तो सरळ कलम म्हणेल. या सहा जणी मिळून रोज १ डीकेएच खात होत्या. २०० लिटरच्या हिशेबानं हे दिवसाला साडेतीन ग्रॅम चुनखडी झाली. चिमूटभर वाटते, पण महिन्याला शंभर ग्रॅमांवर जाते.

ही भर मी निवळीनं करत होतो. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. इथे किराणा दुकानात लोणच्यांसाठीचा शुद्ध चुना मिळतो, तो चालतो. पानाच्या डबीतला चुना नको. लिटरभर पाण्यात तो जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो आणि पाणी गरम केलं तर आणखी कमी. साखरेच्या अगदी उलट. म्हणून थंड आरओ पाण्यात दोन ग्रॅम टाकायचा, ढवळायचा आणि झाकण लावून रात्रभर निवळू द्यायचा. न विरघळलेला चुना आणि त्यातली बरीचशी अशुद्धी तळाला बसते. वापरायचं ते फक्त वरचं नितळ पाणी.

झाकण का, हे मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगावं लागू नये. विज्ञानाच्या तासाला चंचुपात्रातल्या निवळीत नळीनं फुंकर घालायची आणि निवळी दुधाळ झाली की उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध, असा तो प्रयोग. बरणी उघडी राहिली की हवाच फुंकर घालत बसते. ती पांढरी साय म्हणजे फुकट गेलेला चुना. टाकीत निवळी थेंबाथेंबानं सोडली, तर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिच्याशी जुळून बायकार्बोनेट होतं आणि प्रवाळाला कॅल्शियम व बायकार्बोनेट नेमक्या हव्या त्या प्रमाणात मिळतात. मागे काही उरत नाही. शिवाय पीएच वर सरकतो. थंडीत खिडक्या बंद असलेल्या घरात, माणसांच्या श्वासानं हवा जड झालेली असताना, याचा मोठा उपयोग होतो. फक्त निवळीचा स्वतःचा पीएच १२ च्या वर असतो. ती भसकन ओतली तर टाकीतच चुनखडीचा बर्फ पडतो. डोळ्यांत उडाली तर डोळा जातो, म्हणून ती हाताळताना चष्मा लावाच.

आता चूक. टाकीतून रोज जे पाणी वाफ होऊन उडतं, त्याच्या जागी मी निवळी भरत होतो. तरंगता स्विच पातळी राखतो, पातळी खाली गेली की पंप निवळी सोडतो. सोपं, स्वस्त आणि जगभर रूढ. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत, रोज पावणेदोन लिटर पाणी उडायचं. पावणेदोन लिटर निवळीतून २०० लिटरला बरोबर १ डीकेएच मिळतो. चार महिने आकडा ८.२ वरून हलला नाही. मला वाटलं, मी टाकी जिंकली.

मेअखेर हीटिंग बंद झालं आणि हवा दमट झाली. मुंबईकराला जून म्हणजे काय ते माहीत असतं. न्यू जर्सीचा दमटपणा त्याच्या जवळपास जातो आणि बेसमेंटमध्ये तर जास्तच. पाणी उडायचं प्रमाण दिवसाला एक लिटरवर आलं. म्हणजे निवळीही एकच लिटर. प्रवाळांची भूक तीच, शिधा मात्र जवळजवळ निम्म्यावर. रोज चार दशांशाची तूट. त्याच आठवड्यात माझ्या केएच किटचं रसायन संपलं होतं. कॅल्शियम तेवढं मोजलं, ४०५ आलं. चाचणीत दहा-वीस इकडंतिकडं होतंच, म्हणून वही मिटली. सात दिवसांनी नवं किट आलं. पाण्याचा निळा रंग गुलाबी व्हायला थेंब कमीच लागले, आकडा ५.२.

इथवरचं निभावलं असतं. खरा घात त्यानंतर मी केला. घाबरून त्याच संध्याकाळी अठरा ग्रॅम खायचा सोडा विरघळवून ओतला. गणित अचूक होतं, तासाभरात टाकी परत ८.२ वर. दोन दिवसांत तीन वसाहतींच्या बुडापासून कातडी सुटू लागली आणि खालचा सांगाडा चुन्यासारखाच पांढरा उघडा पडला. आठवडाभरात त्या तिन्ही गेल्या. ५.२ वर प्रवाळ कुरकुरत का होईना जगत होते. एका संध्याकाळची ती उडी मात्र त्यांना झेपली नाही. दिवसाला अर्धा डीकेएच, फार तर एक, याहून जास्त चढवायचं नसतं. हे मला तोंडपाठ होतं, तरीही.

तेव्हापासून माझी टाकी हवामानावर नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ पाणी जातं. निवळी वेगळ्या पंपानं, मापून, रात्री जाते. दिवे बंद असताना प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि पीएच पहाटेपर्यंत उतरत जातो, म्हणून रात्र. पण जेवढं पाणी उडतं त्यापेक्षा जास्त निवळी टाकता येत नाही, पातळी वर येते. उन्हाळ्यात म्हणून उरलेली तूट दोन बाटल्यांतून भरतो. एकीत सोडा, दुसरीत कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही टाकीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत आणि वेगवेगळ्या वेळी, नाहीतर तिथल्या तिथे पांढरा साका होतो. या जोडीचा एक तोटा आहे. तिच्यातून शेवटी साधं मीठ उरतं आणि खारटपणा हळूहळू चढतो. महिन्याकाठी थोडं पाणी बदललं की भागतं. मॅग्नेशियमचं काम वेगळं. चुनखडीचे कण आपोआप धरू लागले की ते त्यांच्या पृष्ठभागावर बसून वाढ रोखतं. ते फार कमी झालं तर तुम्ही काहीही टाका, टाकीतच गाळ होईल. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरतं.

नेमका कोणता आकडा धरायचा, यावर छंदी लोक हमरीतुमरीवर येतात. कोणी ११ डीकेएचवर वेगानं वाढ मिळवतो आणि मिरवतो. माझं मत साधं आहे. ७ ते ९ मधला कोणताही आकडा घ्या आणि तो सोडू नका. ८.२ मध्ये जादू नाही, चार महिने ८.२ राहण्यात आहे.

पुण्याच्या एका वाचकानं विचारलं आहे की हे सगळं भारतात घरी करता येईल का. मासे आणि खारं पाणी, हो. पण कडक प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणला डुबकी मारताना दिसलेली फांदी तोडून आणणं हा गुन्हा आहे. दुकानदार काहीही सांगो, विकत घेऊ नका.

ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी येत्या रविवारपर्यंत रोज एकाच वेळी केएच मोजून, उडालेल्या पाण्याच्या मापासह वहीत लिहावं. पुढच्या भागात नायट्रेट आणि फॉस्फेट घेऊ, तेव्हा ते सात आकडे समोर लागतील.